कपाळावरची वेळ

मरोदा, भिलाई
१२ जानेवारी १९६२

प्रिय रत्नमाला,

तू रजा टाकून भंडाऱ्याला गेलीस त्याला आज अकरा दिवस झाले. सोमवारी दवाखान्याचे साहेब अपघात वॉर्डाचा प्रमुख नेमणार आहेत आणि त्या जागेला दिलेला तुझा नकार त्यांच्या टेबलावर पडून आहे. तो तसाच राहिला तर वॉर्ड पुन्हा माझ्याच हाती येईल. त्या भीतीनं माझा जीव थाऱ्यावर नाही. पोलाद कारखान्याचा भोंगा झाला की किती वाजले ते मी दोघांना विचारून घेतो.

कारखान्याची पहिली भट्टी पेटली त्या साली तू डॉक्टर होऊन आमच्या पत्र्याच्या दवाखान्यात आलीस. तांबड्या धुळीनं स्वच्छ कापूससुद्धा दुपारपर्यंत गेरूसारखा होई. माझं शाळेतल्या कवितांचं वेड तुला ठाऊकच. उपचारही मी तुला चालीवरच शिकवले. ‘गाठ बांधा, वेळ लिहा, मग जखमेकडे पाहा.’ रक्त थांबवायला पट्टी आवळली की तिची वेळ जांभळ्या पेन्सिलीनं रोग्याच्या कपाळावर लिहायची. दोन तासांत पट्टी सुटली नाही तर पाय जायचा. तू हसून म्हणायचीस, “काका, मले झोपेतबी हेच ऐकू येते!” तेव्हाच मी ठरवलं होतं, आपल्यामागं हा वॉर्ड हिनंच चालवायचा.

आणि मग सुखराम आला, मांडीवर लोखंडी पत्रा पडलेला. पट्टी मी बांधली, कपाळावर ‘दोन’ लिहिलं. तू अडीचला पोहोचलीस; पट्टी दोनचीच आहे, हाताशी वेळ आहे, असं समजून आधी दुसऱ्या मजुराचं फाटलेलं पोट शिवलंस. सुखरामकडे वळलीस तोवर पाय काळानिळा झाला होता; तो कापावा लागला. चौकशीत तू एवढंच म्हणालीस, “उशीर माझ्याकडून झाला.” मी शेजारीच उभा होतो.

सुखराम आता कुबडीवर वॉर्डभर फिरतो अन् येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतो, “डॉक्टरीन बाई कब आही?” त्याचा जीव तूच वाचवलास, असं तो सगळ्यांना सांगतो. काल भागाबाई सिस्टर मला म्हणाली, “डॉक्टर, तुमी त्या पोराले पाहून तोंड कावून लपवता? तुमी का पाय कापला त्याचा?” ती थट्टेत म्हणाली. मी मात्र चहा तसाच ठेवून वॉर्डाबाहेर निघालो.

रत्नमाला, दिवाळीपासून मला घड्याळाचे काटे दिसत नाहीत. कोणाला सांगितलं नाही. भोंग्यावरून वेळ धरत होतो. त्या दिवशी कवितेची एक ओळ मनात घोळवत बसलो होतो, तेवढ्यात भोंगा झाला. मला वाटलं, पाळी बदलायचा, दोनचा. तो जेवणाच्या सुट्टीनंतरचा होता, एकचा; सुखरामची पट्टी तू समजलीस त्याहून तासभर जुनी होती. तू उशीर केला नाहीस. तू माझ्या अक्षरावर विश्वास ठेवलास. हे उद्या मी साहेबांना लिहून देणार आहे. पुन्हा भ्यालो, तर हे पत्र तूच त्यांच्यापुढे ठेव. नकार मागे घे. सोमवारी खुर्चीवर बसलीस की पहिली सही मला वॉर्डातून काढण्याच्या कागदावर कर. तुझ्या जागी मी असतो तर हेच केलं असतं, असं लिहिणार होतो. पण मी तर वीस दिवस गप्प बसलो.

तुझाच,
शेषरावकाका