सुमीचे कार्ड

९ मार्च, सोम.
…आणि 'परतली'चा हिरवा ठिपका जागेवर बसला. पडद्यावरचे कार्ड पूर्ण, एका बाईला एक. स्थितीचा टाइप कडक ठेवला, तीनच शब्द: गावात, कामावर, परतली. चौथा शब्द घातला तर कोड चालतच नाही. ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्या बायकांपैकी होळीला कोण परतली, हे संस्थेला एका पडद्यावर हवे. बायका स्वतःच्या मोबाइलवरूनही नोंद करू शकतात. ज्या परतल्या नाहीत त्यांची नावे शुक्रवारी शोधयादीत, यादी पोलिसांकडे.
नोंदच नसेल तर कार्ड आरंभी 'परतली' दाखवते. आज सगळ्यांना दाखवायचे होते, पडदा रिकामा नको म्हणून. नंतर काढायचे.

१० मार्च
दिलीपचा फोन, डोंगरातल्या पाड्यावरून. (रनाळ्याचा. गावोगाव नोंदी तोच घेतो.)
"ताई, तुम्हना पडदा म्हनस सुमी परत उनी. पन पोर कोठे शे?"
सुमी, एकोणीस. तिच्या आईला, जातरीबाईला, त्याने कालच हिरवा ठिपका दाखवला होता. तिने दोघींच्या भाकरी केल्या.
काढायचे राहिले.

११ मार्च
चौथा शब्द घातला: ठाऊक नाही. लगेच फाइलीफाइलींत चुका दाखवणाऱ्या लाल रेघा. एकेक मिटवली. प्रत्येक कार्ड आपली स्थिती स्वतःपाशी ठेवत होते, तेही काढले. आता नोंदींचा साठा एकच, सगळी कार्डे तिथूनच वाचतात. बाहेर मिरची वाळते, तिचा ठसका, खिडक्या दिवसभर बंद.
नोंद नसलेली कार्डे राखाडी झाली. सुमीचे हिरवेच.

१२ मार्च, गुरु.
साठा तपासला. सुमीची नोंद आहे. काल सकाळी ७.१४. आज सकाळी ७.१४. तिच्याच मोबाइलवरून.
फोन लावला. बंद.
मुकादमाला लावला. "ती? ती तर दिवाळीनंतर पंधरा दिवसांत निघून गेली. एकटीच."
दिलीपला म्हटले, तिच्या आईला सांग. तासाभराने त्याचा फोन.
"सांगं. ती म्हनस, माले माहीत शे. पोर रोज येस. ताईले म्हना ठिपका पुसू नको."

१३ मार्च, शुक्र.
७.१४, पुन्हा.
हिरवे राहू दिले तर तिला कुणी शोधणार नाही. पुसले तर…
साडेचारला स्वतःच्या हाताने 'ठाऊक नाही' केले. कार्डाला कुलूप घातले, आता मोबाइलवरून बदलता येणार नाही. पाचला यादी गेली, सुमीचे नाव त्यात. दिलीपला कळवले. तो म्हणाला, "तुम्हनं काम तुम्ही कयं, ताई. आते तिनी मायले काय सांगू?"
खरे ते सांग, म्हटले.

१४ मार्च, शनि.
७.१४ ला 'परतली'. कुलूप जसेच्या तसे.
दहाला जातरीबाई आली, दिलीपबरोबर, पहिल्या बसने. मी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. हळू काहीतरी बोलली. दिलीप माझ्याकडे न बघता म्हणाला, "पोरले बसू दे म्हनस. चालीसन उनी ती."
मी आतून दुसरी खुर्ची आणली. मग जातरीबाई त्या खुर्चीवर बसली.