मौजेचा रकाना

अमरावती,
ता. ६ जानेवारी १९६४

तीर्थरूप भागीरथाताईस, देवमनचा शिरसाष्टांग नमस्कार. मी इकडे खुशाल आहे. तुझी खुशाली कळव. पत्र नेहमीप्रमाणे शालू वाचत असेल आणि ओट्यावर सारा माळीपुरा जमला असेल, म्हणून सगळ्यांना रामराम. शालू, सावकाश वाच. मागच्या वेळी तू मधलं एक पान गाळलंस, असं तुझे बाबा नत्थुजीच मला सांगत होते.

तर गोव्याला जायचं नक्की झालं. कचेरीतले आम्ही पाच जण. या महिन्याच्या अखेरीस बडनेऱ्याहून मुंबई आणि मुंबईहून बोट. पंजाबराव आमचा पुढारी. त्याने कचेरीच्याच कागदावर रकाने आखले आणि प्रत्येकाला आपापला खर्च मांडायला लावला. मी कारकून माणूस, मला यात काय अवघड? आगगाडी आणि बोट जाऊन येऊन चौपन्न रुपये, जेवणखाण एकवीस, राहायचे दहा, अडीअडचणीला दहा. इथपर्यंत माझा कागद सगळ्यांच्या आधी तयार.

शेवटचा रकाना त्याने 'मौज' असा काढला होता. बाकीच्या चौघांनी तिथे पंचवीस-पंचवीस रुपये लिहिले. मी पेन धरून बसलो. किती लिहितात तिथे, मला खरंच कळेना. शेवटी दोन रुपये लिहिले. पंजाबरावाने कागद पाहिला आणि साऱ्या कचेरीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "काबे देवमन, गोव्याले चालला का चांदूर रेल्वेले?" चांदूर रेल्वे म्हणजे बडनेऱ्याजवळचंच स्टेशन, दोन रुपयांत तिथवरच जाता येतं. तेव्हापासून शिपायासकट सगळे मला चांदूर रेल्वे म्हणतात.

मौज म्हणजे काही भलतंसलतं नव्हे. देवदर्शन झाल्यावर नारळपाणी पिणं, होडीत बसणं, असलंच. मनकर्णाबाईंनी काळजी करू नये. मागच्या रविवारी आलो तेव्हा समुद्राजवळ कोणता देव आहे, असं त्यांनी विचारलं होतं. मंगेश आहे, शांतादुर्गा आहे, असं मी सांगितलं आणि बघता बघता अकरा घरचे पैसे माझ्या रुमालात बांधले गेले. गंगूबाईंनी तर माझ्या पाया पडायला घेतलं होतं. सगळ्यांची नावं मी लिहून घेतली आहेत. ज्याच्या नावाचे पैसे त्याच्याच नावाने देवापुढे ठेवीन, निश्चिंत असावं.

ताई, मोटार स्टँडवर तू मला एकट्याला जे सांगितलंस ते माझ्या लक्षात आहे. इथे लिहीत नाही.

माझ्या लग्नाचा विषय या पत्रात नाही, म्हणून तोही कुणी काढू नये.

तुझा,
देवमन


पणजी,
ता. १ फेब्रुवारी १९६४

ती. ताईस सा. नमस्कार. सुखरूप पोचलो. बोटीत पंजाबरावाला उलट्या झाल्या, मला झाल्या नाहीत. काल दोन्ही देवळांत जाऊन आलो. अकरा नावं घेऊन पैसे ठेवले, त्याला बराच वेळ लागला आणि मंडळी बाहेर चिडून बसली होती. मनकर्णाबाईंचे वरचे चार आणे त्यांच्या सांगण्याप्रमाणे समुद्रात टाकले. उद्या नदीतल्या एका बेटावर जत्रा आहे, तिथे होडीने जाणार आहोत. मौजेचे दोन रुपये अजून खिशात तसेच आहेत. पोस्टकार्डावर जागा नाही.

ताई, इथे पाणी फार आहे. तू पाहायला हवं होतंस.

देवमन


अमरावती,
ता. २२ मार्च १९६४

प्रिय ताई,

तुझं पत्र आलं. पाकिटावरचं अक्षर ओळखीचं नव्हतं. मला वाटलं, शालूचा हात दुखावला असेल म्हणून दुसऱ्या कुणाकडून लिहवून घेतलं. आत वहीचं फाडलेलं पान आणि त्यावर पेन्सिलीने, शब्दामागे शब्द ढकलत लिहिलेलं: "देवमन, आता मले वाचता येते. ग्रामसेविकेच्या वर्गात चार महिने गेली. शालूले सांगतलं नाई. तू ओट्यासाठी लिवून राहिला, ते पुरे झालं. देव त पातुरातबी हायेत, त्याच्यासाठी कोनी बोटीत बसत नाई. काय पाह्यलं ते मले खरं लिही."

मी ते पान कचेरीत चार वेळा वाचलं. नोकरी लागून अकरा वर्षं झाली, दर महिन्याला तुला पत्र लिहितो आणि त्यातलं एकही पत्र तुला एकटीला लिहिलेलं नाही. काय लिहिलं तर मनकर्णाबाई काय म्हणतील, हे आधी मनात यायचं. आज पहिल्यांदा तुझ्याशी बोलतो आहे, म्हणून जरा गडबडून गेलो आहे. सांभाळून घे.

खरं सांगायचं तर आम्ही देवासाठी गेलो नव्हतो. आपल्याकडे दारूबंदी, तिकडे नाही. तिकडे बाजा वाजतो, बाया-माणसं हात धरून नाचतात, असं पंजाबरावाने कुठूनसं ऐकलं होतं. तेच बघायला गेलो. देवळं मी नंतर घुसडली, ती रुमालातल्या पैशांपायी. मंडळी प्याली. मीही एक घोट घेतला. असा ठसका लागला की पुढचा पेला त्यांनी मला दिलाच नाही. आता रागाव हवं तर.

पण तू विचारलंस ते हे नव्हे, मला कळतं.

त्या बेटावर एक लहान देऊळ आहे, त्यांचं, ख्रिस्ती लोकांचं. त्यासमोर पटांगण. पताका लावलेल्या, भजी तळणं चाललेलं, एका बाजूला बाजावाले. दिवे लागायच्या सुमाराला नाच सुरू झाला. मी भिंतीला टेकून उभा. खिशात मौजेचे दोन रुपये, आणि दुसऱ्या खिशात तुझी पाचाची नोट. स्टँडवर माझी मूठ मिटवून तू म्हणाली होतीस, "हे माये अंबाडीच्या भाजीचे पैसे. देवाले नको ठेवू. खर्च कर आन हिसाब आनू नको." ती नोट मी गोव्यातही चार दिवस तशीच बाळगत होतो. काहीही घ्यायला गेलो की वाटायचं, याला पाच रुपये? आणि परत खिशात.

तेवढ्यात एक म्हातारी आली. सत्तरीची असेल. अंगभर काळा झगा, म्हणजे विधवा, हे मला पंजाबरावाने मागाहून सांगितलं. तोंडात दोनच दात. तिने माझा हात धरून मला सरळ मधे ओढलं. मी नको नको म्हणतो आहे, मित्र हसताहेत. तिच्यासारखे पाय टाकायला गेलो आणि तिच्याच पायावर पाय दिला. मग काय झालं कोण जाणे, मी तिचे दोन्ही हात उलटसुलट धरले, मागे रेललो आणि फुगडी घालायला लागलो. माझ्या पायांना दुसरं काही येतच नव्हतं. आणि ताई, म्हातारीला येत होती. तीही रेलली. लोकांनी आमच्याभोवती कडं केलं. बाजावाल्याने चाल जलद केली. तिचा काळा झगा छत्रीसारखा फुलला होता आणि ती खदखदून हसत होती. तिला कुणी थांबवलं नाही.

दम लागून थांबलो. मग आपल्याकडे लग्नाच्या वरातीत करतात तेच माझ्या हातून झालं. खिशातली नोट काढली, म्हातारीच्या डोक्यावरून तीनदा ओवाळली आणि बाजावाल्याच्या हातात दिली. बाजा थांबला. तिचा मुलगा पुढे आला, माझ्याहून दुप्पट आडवा, आणि तोंड लाल. त्याला वाटलं, मी त्याच्या आईला पैसे दाखवले. पंजाबरावाने त्याला हात जोडून हिंदीत समजावलं, की आमच्या गावाकडे ज्याचा आनंद बघून बरं वाटतं, त्याला कुणाची नजर लागू नये म्हणून असं करतात. मुलाने ते आईला सांगितलं. तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि काहीतरी बोलली. मला त्यातलं 'पुता' एवढंच कळलं.

मी होडीच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो आणि रडलो. मित्रांना वाटलं, एक घोट चढला.

आता जे लिहितो ते मी कधीच बोललो नसतो. आई गेली तेव्हा तू बारा वर्षांची, मी पाच. भुलाबाईचा महिना आला. पुऱ्यातल्या मुली रोज एकेकीच्या दारी गाणी म्हणत आणि जिच्या दारी गाणी, तिने झाकल्या डब्यात खाऊ आणून तो वाजवायचा, बाकीच्यांनी ओळखायचा. तू जाईनाशी झालीस. तुझी पाळी आली असती तर डब्यात घालायला घरात काही नव्हतं. बाहेर गाणी चालली की तू स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायचीस, माझे हात धरायचीस आणि हळू आवाजात तीच गाणी म्हणत माझ्याशी फुगडी घालायचीस. तेव्हा तू हसायचीस तशी नंतर मी तुला कधी पाहिलं नाही.

एक दिवस तू डबा वाजवलास आणि म्हणालीस, "वळख." मी म्हणालो, शेंगदाणे. तू हो म्हणालीस. मी झाकण ओढलं. आत खडे होते.

मी जमिनीवर लोळण घेतली. बाबा येईपर्यंत रडायचं थांबलो नाही. बाबांनी तुलाच बोल लावले, पोराला काय रडवते म्हणून. त्यानंतर तो डबा मिठाचा झाला आणि फुगडी संपली. पुढे तुझं लग्न झालं, तीन वर्षांत तू कपाळ पुसून परत आलीस. पाट लावून दुसरा संसार मांडायला दोन ठिकाणं चालून आली, तू माझी मॅट्रिक होऊ दे म्हणालीस. मॅट्रिक झालो, कारकून झालो. या सगळ्याबद्दल लोक तुझी वाहवा करतात आणि मी मान डोलावतो. पण माझ्या मनात ते खडेच आहेत. मी रडलो नसतो तर तू अजून चार दिवस तरी खेळली असतीस.

म्हातारीच्या हातात हात होते तेव्हा मला हे सारं एकदम आठवलं. ती नोट मी तिच्यावरून ओवाळली नाही, ताई. तुझ्यावरून ओवाळली. तुझ्यावरून कुणी कधी काही ओवाळलंच नाही.

आल्यापासून रोज नवा कागद घेतो आणि रकाने आखतो. या वेळी आधी मौज लिहिली. पन्नास रुपये. उरल्यात मग गाडी, बोट आणि जेवण कोंबलं. बसतं, पण पुढले दोन महिने मला चहा सोडावा लागेल आणि ते माझ्या प्रकृतीला चांगलंच. दोन माणसांचा खर्च आहे. मेमध्ये मला रजा मिळते. पावसाळ्यात बोटी बंद होतात, त्याआधी जाऊन येऊ. बेटावर तेव्हा जत्रा नसेल, पण म्हातारी असेल आणि पाणी असेल. आठ दिवस वाफ्यांना पाणी नत्थुजी देतील. मी त्यांना विचारलेलं नाही, तू विचार.

एकच मागणं आहे. पुऱ्यात विचारतील, कुठे चाललीस? तेव्हा यात्रेला म्हणू नकोस. यात्रेला म्हटलंस की पुन्हा रुमाल भरेल, अकरा घरांची ओझी तुझ्या पदरात येतील आणि तू तीच वाहत बसशील. मौजेला चालली, असं म्हण. मला माहीत आहे, हे बोटीत बसण्यापेक्षा अवघड आहे. तोंडातून निघत नसेल तर मी शेजारी उभा राहीन.

येत्या रविवारी पहिल्या मोटारीने पातूरला येतो. हातात झाकलेला डबा असेल. तुझी पाळी राहून गेली होती, ती या वेळी माझ्याकडून. मी वाजवीन, तू ओळखायचं. चुकलीस तरी चालेल, झाकण उघडल्यावर कुणी रडायचं नाही. आत जे असेल ते खर्च कर आणि हिशेब आणू नकोस.

हे पत्र ओट्यावर वाचायचं की एकटीने, ते आता तुझ्या हाती आहे.

तुझा, खडे बघून रडलेला,
देवमन