वाटेवरची पिसं

आकचिश्मे, २४ एप्रिल १९९१

चि. फैरुजा हिस,

आशीर्वाद लिहायचं मनात नव्हतं. पण थोरल्या भावाने धाकट्या बहिणीला कोरं पत्र पाठवू नये, म्हणून अ. आ.

पिसं काढायच्या दिवसापासून आपण बोलत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी लिहितो, कारण जे पाहिलं ते पोटात ठेवलं तर माझंच पोट बिघडेल, आणि ते आधीच ठीक नाही. तू डोळ्यांच्या ऑपरेशनला उफ्याला लेकाकडे गेलीस, बरं केलंस. पण जाताना आपले पाच पाळीव हंस अंगणामागच्या न्हाणीघरात कोंडून बाहेरून कुलूप घालायचं, हे कुठे शिकलीस? मी चौथीपर्यंत शिकलो, तू सातवीपर्यंत. वरच्या इयत्तांत हेच शिकवतात का?

बर्फ वितळायला लागल्यापासून कुंपणापलीकडून हंस ओरडल्याचं ऐकू येत होतं. मला वाटलं, उत्तरेकडे निघालेले रानहंस असतील. तुझ्या इल्शातने बसथांब्यावर मला सांगितलं होतं की आईने हंस केव्हाच देऊन टाकले. तूच त्याला तसं शिकवून पाठवलं असणार. मग आवाज बंद झाला आणि मला चैन पडेना. शेवटी कुऱ्हाडीने कुलूप तोडलं. पाण्याची बादली कोरडी, दाराखालून शिरलेल्या बर्फाच्या पाण्यावरच तगले असणार. जमिनीवर ओटचं रिकामं पोतं. अंग झोडायच्या बर्चच्या जुड्या तू छताला टांगतेस ना, त्या त्यांनी ओढून पाडल्या होत्या आणि पाला खाऊन नुसत्या काटक्या ठेवल्या होत्या. तुझा लाडका नर, तो साल्दात, जो मला बघितलं की मान लांब करून पिंढरीला धरायचा, तो माझ्याकडे बघत बसून राहिला. उठला नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही, राग आला. तुझा.

मी घाबरून त्यांच्यापुढे कोरडे ओट ओतले. एका मादीने इतके खाल्ले की तिचा गळा फुगून दगड झाला आणि ती संध्याकाळी मेली. मला कोणी सांगितलं होतं का, उपाशी पाखराला कोरडं धान्य विषासारखं असतं म्हणून? शेजारची शामसिया कुंपणावरून सांगत होती की उरलेल्यांच्या मानेवरून आत्ताच सुरी फिरव, आपोआप मेले तर खाताही यायचे नाहीत. मी तिला म्हटलं, आपलं तोंड आपल्या चुलीपाशी ने.

आता ते माझ्या घरात आहेत, चुलीपाठीमागे. ते काय करतात आणि घराला कसला वास येतो, हे लिहीत नाही.

उत्तर दिलंस तर दे.
मिरगासिम

•

उफा, ३ मे

ती. थोरले बंधू मिरगासिम अबीस,

सलाम वि. वि.

एका डोळ्याची पट्टी सुटली आहे, म्हणून अक्षर उंटांच्या तांड्यासारखं चाललंय. तुमचं पत्र दोनदा वाचलं. अबी, मी मार्चमध्ये निघाले तेव्हा हंस अंगणात फिरत होते आणि साल्दात बसपर्यंत माझ्यामागे आला होता. घर बंद करायला इल्शात दोन दिवस मागे राहिला होता. त्याने मला इथे येऊन सांगितलं की मिरगासिम अबी येऊन हंस घेऊन गेले, म्हणाले, एवीतेवी कोणीतरी सांभाळायला हवेतच.

मी विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? पिसं काढायच्या दिवशी पोरी कापून सोललेले हंस कावडीवर घेऊन धुवायला झऱ्याकडे निघाल्या, गाणी म्हणत वाटेवर पिसं टाकत गेल्या आणि तुम्ही खराटा घेऊन बाहेर आलात. साऱ्या गावासमोर तुमच्या दारापुढची पिसं झाडून खंदकात लोटलीत. ज्या वाटेवर पिसं पडतात त्या वाटेने पुढल्या वर्षी तितके हंस चालतात, हे आई तुम्हालाच मांडीवर थोपटत सांगायची. आधी माझी बरकत झाडली, मग हंस नेले, असंच मला वाटलं. दोन महिने मी सुनेला तुमच्याबद्दल नाही नाही ते सांगत होते. आता ते परत कसं घेऊ?

इल्शात कामावरून आला की विचारते. तोवर त्यांना पाणी पसरट ताटलीतून द्या, खोल भांड्यातून नको. कोंडा दह्याच्या पाण्यात कालवून थोडाथोडा द्या. आणि कोणती मादी मेली, करडी का पांढरी, हे का नाही लिहिलंत? एवढं लिहिलंत आणि तेच नाही.

तुमची,
फैरुजा

•

आकचिश्मे, १२ मे

चि. फैरुजा हिस अ. आ.

करडी मेली.

म्हणजे माझा राग दोन आठवडे चुकीच्या दारी उभा होता. तो परत घेत नाही, फक्त त्याला पुढचा पत्ता देतो. भाच्याला सांग की मामा म्हातारा आहे, छातीत घरघर आहे, पण कान पिळण्यापुरता जोर आहे. मला एक सांगायचं, आईला दुसरं. दोघे म्हातारे एकमेकांशी बोलत नाहीत हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आपल्या भांडणाच्या आडोशाला त्याने दीड-दोन महिन्यांचा आळस ठेवून दिला.

पिसांचं म्हणशील तर ती माझ्या मधमाश्यांच्या पेट्यांत गेली होती, सुपात पडली होती, आणि एक माझ्या दाढीत अडकून मी तसाच मशिदीत गेलो होतो. झाडू नको तर काय करू.

आता हंसांचं ऐक. कोंडा आणि दह्याचं पाणी लागू पडलं. अंगाला आग लावतो तो कुंपणाकडचा नवा खाजरा पाला बारीक चिरून त्यात घालतो. माझी बोटं सुजली आहेत, पेन धरवत नाही, तरी लिहितो आहे. पांढऱ्या मादीचे पाय मात्र लटके पडले होते, दोन पावलं टाकून बसायची. आई अशा पिल्लांना पावाच्या आंबवणाचा गाळ चाटवायची, ते आठवलं. शामसियाकडे गाळ मागितला. तिने विचारलं, तू काय हंसांसाठी पाव भाजणार? दिला मात्र. चार-पाच दिवसांत मादी उभी राहिली.

मग मी मूर्खपणा केला. हंस म्हटला की पाणी, असं कोणीही म्हणेल. ऊन पडलं होतं, ईक नदीवरचा बर्फ गेला होता, म्हणून चौघांना हाकत नेलं. ते आनंदाने उतरले आणि बुडायला लागले. फैरुजा, हंस बुडताना तू पाहिला आहेस का? न्हाणीघरातल्या काजळीने आणि घाणीने पिसांचं तेल पार गेलं होतं. पाणी आत शिरलं आणि ते भिजल्या उशीसारखे जड झाले. साल्दातची फक्त मान वर होती. मी बुटांसकट आत उतरलो. पुलावरून सामुदायिक शेतातली माणसं बघत होती आणि मला विचारत होती की मासे लागताहेत का. त्यांना काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

चारही हंस काढले. घरी कोमट पाण्याच्या टबात धुतले, चुलीपाठीमागे वाळवले, आता रोज टबात थोडा वेळ सोडतो. ते चोचीने शेपटीच्या मुळाशी टोचून तेल काढतात आणि अंगभर माखतात. सारा दिवस तेच. बायका सणाच्या आदल्या दिवशी नटतात तसं. मला खोकला झाला आहे, तो तुला काय सांगायचा.

मिरगासिम

•

उफा, २३ मे

ती. अबीस सलाम वि. वि.

इल्शातला विचारलं. आधी म्हणाला, विसरलो. मग म्हणाला, आठवड्यात परत जाऊन न्यायचे होते, कामातून सुटी मिळाली नाही. मग जेवण टाकून उठला आणि खरं बोलला. पानगळीत घर विकायचं त्याच्या मनात आहे, मोटार घ्यायची आहे. घराला गिऱ्हाईक बघायला येणार, तेव्हा अंगणात हंस नकोत, म्हणून तात्पुरते कोंडले. कापायला हात धजेना, द्यायला गेलो तर गावभर चर्चा. नंतर परत जायची भीती वाटायला लागली. आत काय दिसेल याची. मेलेले असतील, म्हणाला, म्हणून गेलोच नाही.

मी त्याच्याशी बोलत नाही. आपल्या घराण्यात न बोलणं सगळ्यांना छान जमतं. सून मधून निरोप नेते, मीठ हवं का म्हणून.

अबी, पण तो एक गोष्ट बरोबर बोलला. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन व्हायचंय. हिवाळ्यात लाकडं कोण फोडणार, झऱ्यावरून पाणी कोण आणणार? मी एकटी त्या घरात काय करणार? मी कागदावर सही करीन म्हणते. आणि हंसांना पानगळीपर्यंत ओढू नका. चांगले भरले की कापा, चरबी तुमच्या छातीला चोळा, पिसांची उशी करा. माझ्या मनात काही नाही.

तुमची,
फैरुजा

•

आकचिश्मे, १ जून

फैरुजा,

आशीर्वाद या पत्रात नाहीत. पुढच्यात बघू.

ज्यांना मी पाण्यातून मानेला धरून काढलं, ज्यांच्यासाठी बोटं भाजून घेतली, ज्यांच्यापायी मी रोज सकाळी घर धुतो, त्यांना कापू? तुला कळतं का काय लिहिलंस ते? शामसियाने म्हटलं तेव्हा ती परकी होती. तू त्यांना अंड्यातून बाहेर येताना पाहिलं आहेस, आणि तुझ्या मनात काही नाही. मग तुझ्या मनात आहे तरी काय, मोटार?

तुला सांगायचं नव्हतं, आता सांगतो. पिसं पूर्वीसारखी झाली, पाणी त्यांच्या पाठीवरून घरंगळतं. रोज सकाळी मी त्यांना नदीवर सोडतो. संध्याकाळी ते वर चढून येतात, माझ्या दारावरून मान ताठ करून जातात, जणू मी कुणी नाही, आणि तुझ्या फाटकापाशी जाऊन उभे राहतात. फाटक बंद. साल्दात चोचीने फळी ठोकतो. मग चौघे मिळून असे ओरडतात की मुल्लासाहेबांनी काल मला विचारलं, त्या घरात कोणी गेलं का. मी काठी घेऊन त्यांना हाकत आणतो. रोज. माझी कंबर मोडली. खायला मी घालतो आणि घर तुझं.

गिऱ्हाईक आलं होतं. कोणी दोघे, चांगल्या कोटातले. इल्शातने पाठवले असावेत. फाटकापाशी गेले. साल्दातने एकाची पिंढरी धरली, ती सोडवायला दुसऱ्याने टोपी काढून मारली, तर पांढरीने टोपी नेली. मी अंगणात उभा होतो. मी काठी घेऊन गेलो नाही, कारण माझी कंबर दुखत होती. टोपी नदीकडे गेली.

लाकडांचं विचारतेस. मी माझी फोडतोच आहे. दोन चुलींची फोडायला हात तेच लागतात. पाण्याचंही तसंच. हे मी प्रेमाने लिहीत नाही, रागाने लिहितो आहे. सही करायची असेल तर कर, पण मग ये आणि हंसांना स्वतः सांग की हे फाटक तुमचं नाही. मी सांगणार नाही. मला त्यांची भाषा येत नाही.

मिरगासिम

•

उफा, १३ जून

ती. अबीस सलाम वि. वि.

सही केली नाही. टोपीवाल्यांबद्दल इल्शात फार चिडला आहे, म्हणजे आता तोही माझ्याशी बोलत नाही, एकूण सोपं झालं. तुमचं पत्र मी सुनेला मोठ्याने वाचून दाखवलं. पांढरीने टोपी नेली, तिथे ती तोंडावर हात ठेवून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

दुसरा डोळा डॉक्टर पुढच्या वर्षी करायचा म्हणतात. एका डोळ्याने चूल दिसते. महिनाअखेरीच्या शनिवारी बसने येते. न्हाणीघराला तुम्ही तोडलेलं कुलूप तुम्हीच बसवा.

पण अबी, माझा राग गेलेला नाही हे आधीच सांगते. एका मादीवर घर उभं राहत नाही. पुढल्या वसंतात पिल्लं कुठून येणार? वाट तर तुम्ही झाडून ठेवली आहे. आई असती तर तुम्हाला त्या खराट्यानेच बडवलं असतं.

भाकरीला पीठ मी आणते. बसथांब्यावर येऊ नका, खोकला वाढेल.

तुमची,
फैरुजा

•

आकचिश्मे, २२ जून

चि. फैरुजा हिस अ. अ. आ. मागच्या पत्रातलेही यात धरावेत.

कुलूप नवीन बसवलं. जुन्या बर्चच्या जुड्या खाल्ल्या म्हणून नव्या बांधल्या, त्या तुझ्या छताला आहेत. बसथांब्यावर मी येणारच नव्हतो, मला तेवढा वेळ कुठे आहे. शनिवारी सकाळी हंसांना त्या बाजूला चारायला नेतो, गवत तिकडे बरं आहे, एवढंच.

दुसरं एक सांगायचं राहिलं, नाहीतर तू आल्यावर भांडशील. हंसांनी पिसं टाकायला सुरुवात केली आहे, सारं अंगण पांढरं झालं. मी गोळा करून पोत्यात भरली आणि तुझ्या घरी ठेवायला निघालो. पोतं जुनं. त्याला भोक होतं, ते मला दिसलं नाही. तुझ्या फाटकापासून माझ्या दारावरून थेट झऱ्यापर्यंत गेलो, तेव्हा लक्षात आलं की पोतं रिकामं आहे. झऱ्यावर कशाला गेलो म्हणशील, तर तहान लागली होती.

शामसिया कुंपणावरून विचारत होती, आता खराटा कोण आणणार. मी सांगितलं, माझी कंबर दुखते, झाडणं होणार नाही. पाऊस येईपर्यंत ती तशीच पडून राहतील. पोरं त्यावर पाय देतील म्हणून मी संध्याकाळी दारात बसतो, आणि कोणी खराटा घेऊन आलं तर माझ्याशी गाठ आहे.

सांभाळून ये. बसच्या खिडकीपाशी बसू नकोस, डोळ्याला वारा लागतो.

तुझा भाऊ,
मिरगासिम