ठेवून घेऊ

दि. ४ सप्टेंबर

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. कानाचं यंत्र तुम्ही कपाटात टाकून दिलंय, हे तुम्ही लपवलंत तरी मामींनी खाली दोन ओळींत कळवलंच. आता फोनचा प्रश्नच मिटला. मला मात्र हा पत्रांचा उद्योग आवडायला लागलाय. दिवसभर पडद्यासमोर घालवल्यावर बोटाला शाई लागली की बरं वाटतं.

पडदा म्हणजे काय ते विचारलं होतंत. आमच्या चौथीच्या वर्गात एक जुना लॅपटॉप आहे आणि भिंतीवर चित्र पाडणारा प्रोजेक्टर, तो दर वीस मिनिटांनी तापून बंद पडतो. बाकी सगळं मी इंटरनेटवरून फुकटात गोळा केलंय. एक प्रश्नमंजूषा आहे, तीत मुलं टोपणनावानं उत्तरं देतात. आणि एक ‘भिंत’ आहे, म्हणजे पडद्यावरचा फळा. दुव्यावर बोट ठेवलं की कुठूनही उघडतो, आणि मुलं त्यावर चिठ्ठ्या नि चित्रं चिकटवतात. चौतीस मुलांनी जूनपासून चिकटवलंय, पण रोज उघडताना मला अजून हौस वाटते. मुख्याध्यापिका बाईंचं म्हणणं, खर्च नसेल तर काय वाटेल ते करा.

जुलैत एक मुलगी आली. तिची भाषा शाळेत कुणालाच येत नाही. नाव उच्चारताना सगळ्यांची जीभ अडखळते, म्हणून पोरांनी तिला ‘नवी’ म्हणायला सुरुवात केली आणि ती त्याला ओ द्यायला लागली. आई एका हॉटेलच्या धुलाईघरात कामाला आहे, बाकी कुणी दिसत नाही. सहा आठवडे नवी खिडकीजवळ बसून होती. एक अक्षर बोलली नाही. मग मी फुकटातलं भाषांतराचं यंत्र उघडलं. मी मराठीत लिहायचं, ते तिच्या भाषेत बोलून दाखवतं. पहिल्यांदा त्यातून आवाज आला तेव्हा तिनं लॅपटॉपच्या मागे वाकून पाहिलं. आणि मग जी बोलत सुटली, ती शाळा सुटेपर्यंत.

गेल्या आठवड्यात भिंतीवर ‘माझं घर’ असं चित्र काढायचं होतं. तिनं आई काढली आणि सारख्याच फ्रॉकमधल्या दोन मुली. दुसरी कोण, विचारलं तर यंत्रानं लिहिलं, ‘मोठी तिकडेच ठेवली.’ आजीकडे असेल बिचारी. या महिन्याच्या पालकभेटीला तिच्या आईला बोलावणार आहे.

मामींना नमस्कार. लोभ उणा होऊ देऊ नका.

तुमची,
ठकू


दि. ११ सप्टेंबर

चि. ठकूस,
अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं, एकदा स्वतःसाठी आणि एकदा तुझ्या मामीसाठी मोठ्यानं. ती म्हणते मी हल्ली ओरडून वाचतो. मला काय कळणार.

तुझं कौतुक वाटलं. पण एकतीस वर्षं कोर्टात दुभाष्याचं काम केलेला माणूस नुसतं कौतुक करून थांबेल कसा? थोडी कटकट ऐक.

‘मोठी तिकडेच ठेवली’ या वाक्यात ठेवणारा कोण, ते कुठं आहे? साक्षीदार असं बोलला की मी न्यायाधीशांची परवानगी घेऊन पुन्हा विचारायचो. कोणी ठेवली, कशी ठेवली. आजीकडे ठेवली हे तू ठरवलंस, त्या पोरीनं नाही सांगितलं. माणूस हे नेहमी करतो, बाई. अर्धं ऐकतो आणि उरलेलं स्वतःच्या घरातून भरतो.

दुसरं. आईशी बोलशील तेव्हा पडद्याकडे बघू नकोस. तिच्याकडे बघ. आणि सगळं सांगून झालं की तिला म्हण, आता मी काय सांगितलं ते तुम्ही मला सांगा. तिच्या तोंडून ते उलट परत आलं की मगच उठ. याला वेळ लागतो, समोरचा वैतागतो. तरी कर.

यंत्राला मी नावं ठेवत नाही. मलाही सरकार फुकटच समजायचं. पण यंत्राला शंका येत नाही आणि दुभाष्याचं निम्मं काम शंका येणं हेच असतं.

तब्येत सांभाळ. प्रोजेक्टर तापतो तशी तू तापू नकोस, असं मामीनं लिहायला सांगितलंय. आठवण ठेवावी ही इच्छा.

तुझा,
मामा


दि. १९ सप्टेंबर

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

घाईत चार ओळी. तुमचं पत्र मी मुख्याध्यापिका बाईंनाही वाचून दाखवलं. यंत्राला शंका येत नाही, यावर त्या हसल्या आणि म्हणाल्या, आमच्या शिक्षकांनाही येत नाही.

काल नवीची आई येऊन गेली. कामावरचा निळा झगा घालूनच आली होती, हात पाण्यानं पांढरे पडलेले. बाहेर अकरा पालक रांगेत, मला प्रत्येकी दहा मिनिटं. आम्ही असं ठरवलंय की शाळा सुटल्यावर नवीला रोज तासभर वर्गात ठेवून घ्यायचं, मी तिला वाचायला शिकवीन आणि मग घरी पोचवीन. हे सगळं एका दमात टाईप केलं तर यंत्र घेईना. फुकटात दिवसाला ठरावीकच अक्षरं चालतात आणि मी सकाळपासून दुसऱ्या परभाषिक पालकांसाठी बरीच वापरली होती. म्हणून काटछाट केली. ‘उद्यापासून आम्ही तिला ठेवून घेऊ. तुम्ही काळजी करू नका.’ एवढंच ठेवलं. मुद्दा तेवढाच होता ना.

तिनं ते ऐकलं, पुन्हा ऐकवायला खूण केली. मग माझे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडलेच नाहीत. डोळ्यांत पाणी होतं. उलट विचारून घ्यायचं तेवढं राहिलं, मामा, पण असं हात धरणारी बाई आणखी काय सांगणार? पुढचे पालक दारात येऊन उभे होते.

सविस्तर नंतर लिहीन. रागावू नका, माया असू द्या.

ठकू


दि. ३० सप्टेंबर

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

नवी गेली.

भेटीच्या दुसऱ्या दिवशी ती आली नाही. मला वाटलं ताप असेल. तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर पटावरचा पत्ता घेऊन निघाले. गिरणीमागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर एक खोली. दार उघडंच होतं आणि मालकीणबाई जमीन पुसत होत्या. म्हणाल्या, आई तुमच्या शाळेतून आली त्याच दिवशी संध्याकाळी दोघी दोन पिशव्या घेऊन निघाल्या, कुठे ते सांगितलं नाही. गादी, तवा, पोरीचे पावसाळी बूट, सगळं तिथंच होतं.

तिथून धुलाईघर गाठलं. मागच्या दारानं आत गेले. वाफेनं काही दिसत नव्हतं. चादरींना इस्त्री करणाऱ्या एक पोक्त बाई आहेत, त्यांना दोन्ही भाषा येतात. त्या तिथं अकरा वर्षं आहेत, माझ्या शाळेपासून सात मिनिटांच्या अंतरावर. मला कधी विचारावंसंच वाटलं नव्हतं.

त्यांनी इस्त्री उभी केली आणि मला विचारलं की त्या मुलीच्या आईला मी नेमकं काय म्हणाले. मी सांगितलं. मग त्यांनी जे सांगितलं ते असं. दोन वर्षांपूर्वी या माय-लेकी निर्वासितांच्या एका छावणीत होत्या. तिथं आजारी मुलांची तपासणी म्हणून मोठीला वेगळं नेलं. टेबलामागच्या बाईंनी सांगितलं, आम्ही तिला ठेवून घेऊ, तुम्ही काळजी करू नका. त्यानंतर मोठी त्यांना दिसलेली नाही. कुणाकडे आहे, आहे की नाही, काही माहीत नाही.

मामा, तिनं माझे हात आभार मानायला धरले नव्हते. ती विनवत होती.

तुमचं पत्र माझ्या टेबलाच्या खणात होतं. भेटीच्या वेळी, हाताच्या अंतरावर. वर्गात पोरं विचारतात नवी कधी येणार, आणि मी प्रश्नमंजूषा सुरू करते. मला कुणाशी बोलवत नाही. मुख्याध्यापिका बाई म्हणतात यंत्राची चूक, तुम्ही का मनाला लावून घेता. पण यंत्रानं मी लिहिलं तेच सांगितलं. ‘तासभर’ मीच खोडला.

काय करू ते लिहा.

ठकू


दि. ६ ऑक्टोबर

चि. ठकूस,
अ. उ. आ.

पत्र मामीला वाचून दाखवता आलं नाही. तिनं माझ्या हातातून घेऊन स्वतः वाचलं आणि म्हणाली, तिला ते सांगा. म्हणून सांगतो. हे तुझ्या आईलाही माहीत नाही.

नोकरीच्या नवव्या वर्षी एक खटला होता. बांधकामावरचा एक मजूर परांचीवरून पडून मेला आणि दुसऱ्यावर आरोप होता. एक बाई साक्षीला होती. ती म्हणाली, याचा धक्का लागला. सकाळपासून सातवी साक्ष, पंखा बंद. मी भाषांतरात सांगितलं, यानं धक्का दिला. न्यायाधीशांनी लिहून घेतलं. संध्याकाळी कोर्टाचा जिना उतरताना, खालून तिसऱ्या पायरीवर, माझ्या ते लक्षात आलं. वर दिवे अजून चालू होते. मी परत चढू शकत होतो. नोकरी जाईल, लोक हसतील, उद्या सांगू, असं म्हणत घरी गेलो. उद्या सांगितलं नाही. त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. त्यानं चारही भोगली. मामीला सांगायला मला अकरा वर्षं लागली.

तुझी चूक त्याहून मोठी की लहान, हे मोजत बसू नकोस, काही हाती लागत नाही. तू एवढंच कर, जिना परत चढ. ती बाई कुठे गेली माहीत नसेल, पण पोरीला तुमची ती भिंत माहीत आहे. तूच लिहिलं होतंस, ती कुठूनही उघडते. इस्त्रीवाल्या बाईंना सोबत घे, यंत्राला नको. खरं काय म्हणायचं होतं ते त्यांच्या हातानं तिथं लिहून ठेव. ती वाचेल की नाही, हे तुझ्या हातात नाही.

मला पत्र लिहीत राहा. चार ओळी असल्या तरी चालतील, पण माणूस तोडू नकोस.

तुझा,
मामा


दि. २ नोव्हेंबर

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

इतके दिवस लिहिलं नाही, कारण काही तरी कळल्यावर लिहावं असं वाटत होतं. आता कळलंय.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी इस्त्रीवाल्या बाईंकडे गेले. त्या रोखठोक आहेत. माझ्याकडून प्रत्येक वाक्य दोनदा वदवून घेतलं आणि मला काय म्हणायचंय ते मलाच उलट सांगून दाखवलं. तुम्हाला त्या आवडल्या असत्या. मग त्यांनी लिहिलं, की फक्त तासभर, फक्त वाचायला, रोज संध्याकाळी घरी, आणि चूक माझी होती. ते मी भिंतीवर चिकटवलं.

सोळा दिवस काही नाही. रोज सकाळी पोरं यायच्या आधी उघडून बघायचे. मग गेल्या गुरुवारी गणिताच्या तासाला, भिंत पडद्यावर असताना, कोपऱ्यात एक चिठ्ठी उमटली. नवी प्रत्येक चित्राखाली सहीसारखा पिवळा त्रिकोण काढायची. तो होता. तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलीनं आधी ओळखला आणि मग सगळा वर्ग बाकांवर चढला. मी ओरडले नाही. यंत्र समोर होतं, पण त्यात घातलं नाही. अक्षरं कागदावर जशीच्या तशी उतरवून घेतली, आणि शाळा सुटल्यावर धुलाईघर गाठलं.

इस्त्रीवाल्या बाईंनी आधी मनात वाचलं. वरच्या चार ओळी नवीच्या होत्या. नव्या शाळेत तिला पुढच्या बाकावर बसवतात. तिला आता आठवड्याचे वार म्हणता येतात. मुलांनी तिची चित्रं काढून टाकू नयेत. त्याखाली आईनं लिहिलं होतं. माझ्यावर राग नाही, मी वाईट बाई नाही हे तिला तेव्हाही कळलं होतं. पण ज्या दारातून माझा निरोप त्यांच्यापर्यंत आला, त्याच दारातून दुसरेही येतील. मुलगी रोज ती भिंत उघडायचा हट्ट करते. ती बंद करावी.

मी तिथल्या तिथे उत्तर सांगायला लागले. तीन वाक्यं सांगितली असतील. इस्त्रीवाल्या बाईंनी पेन बाजूला ठेवलं. म्हणाल्या, हे मी लिहिणार नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून ती बाई पुन्हा पिशव्या भरेल. मी भांडले त्यांच्याशी, मामा. त्या चादरीची घडी घालत राहिल्या आणि मी गप्प होईपर्यंत थांबल्या.

शुक्रवारी मी पोरांना सांगितलं की भिंत काढून टाकतेय. त्यांची जूनपासूनची चित्रं, कविता, पाढे, सगळं जाणार होतं. जमली तेवढी उतरवून घेतली. कुणी तक्रार केली नाही, हेच मला जड गेलं. शेजारच्या मुलीनं एवढंच विचारलं, मग नवीला आपण दिसणार नाही का. मी नाही म्हणाले. लॅपटॉपनं दोनदा विचारलं, नक्की पुसायचं का. दोन्ही वेळा हो म्हटलं आणि पडदा पांढरा झाला. प्रोजेक्टर तसाच चालू राहिला, त्या दिवशी तापला नाही.

आता शनिवारी दुपारी मी इस्त्रीवाल्या बाईंकडे त्यांची भाषा शिकायला जाते. त्या म्हणतात माझे उच्चार भयंकर आहेत. नवी परत यायची नाही हे मला माहीत आहे, त्यासाठी जात नाही. कशासाठी जाते ते विचारू नका, मलाच नीट सांगता येत नाही.

सलग महिनाभर गैरहजर राहिलेल्या मुलाचं नाव पटावरून कमी करायचं असतं. मुख्याध्यापिका बाईंनी दोनदा आठवण करून दिली, मी दोनदा विसरल्याचं सोंग केलं. त्यांनी ओळखलं असणार. उद्या सोमवार, पट वर पाठवायचा आहे. शेरा लिहायच्या रकान्यात ‘स्थलांतर’ असं लिहितात. तो शब्द मी आज घरी बसून चार वेळा लिहून पाहिला. उद्या तो तिथं, तिच्या नावापुढे, माझ्या अक्षरात लिहायचा आहे.

मामींना सांगा, माझं जेवण ठीक चाललंय. दोघांचा हात डोक्यावर असू द्या, यापेक्षा मागणं नाही.

तुमची,
ठकू