अप्पांच्या गाडीत व्हॅनचं इंजिन

२ नोव्हेंबर, रविवार
आणली एकदाची. चांदीप ते चंदनसार, कुठेही ढकलावी न लागता. अप्पांची लाल टू-सीटर, आणि तिच्या पोटात भंगारात निघालेल्या व्हॅनचं इंजिन. मी आणि विलासने, दोघा मावसभावांनी मिळून केलेला उद्योग. त्याच्या शेतावरच्या शेडमध्ये किती रविवार घातले देव जाणे. व्हिडिओ बघून, ग्रिलवाल्याकडून वेल्डिंग करवून.
दुखणी भरपूर. बॉनेट बसत नाही, दोन बोटं उघडं राहतं. फॅन घासतो. तापमानाचा काटा मेलेला. थरथर एवढी, की आरसा आपोआप फिरतो आणि मागची गाडी दिसायच्या ऐवजी आपलंच थोबाड दिसतं.
सुनीता गॅलरीतून म्हणाली, "मला वाटलं भाजीचा टेम्पो आला." बायको आहे, सोडून दिलं. पण खरं होतं ते.

८ नोव्हें., शनि.
अप्पा आले. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर इतके दिवस पुण्याला ताईकडे होते. बॅग वर न्यायच्या आधी काठी टेकत थेट पार्किंगमध्ये. बॉनेट उघडून दाखवलं. बराच वेळ बघत राहिले.
"नीट बसवलंयत."
मग, "चालू कर." केली. कान देऊन ऐकलं. "चांगली आहे."
पाहुण्याच्या घरी जेवून उठताना म्हणतात ना, तसं चांगली आहे.
तरुणपणी मुंबईच्या एका पारशाकडून घेतलेली गाडी. आईला लग्नानंतर हिच्यातूनच वाडीवर आणलं. त्या जुन्या इंजिनाला अप्पांनी कधी दुसऱ्याचा हात लागू दिला नव्हता. आणि मी ते काढलं, ते पुण्याला असताना. विचारलं होतं, नाही असं नाही. "इंजिन गेलं अप्पा, दुसरं टाकतो," एवढंच. ते "बरं" म्हणाले.
रात्री जेवताना म्हणाले, पायात जोर आला की अर्नाळ्यापर्यंत मी स्वतः चालवत नेईन. बाकी काही मागणं नाही त्यांचं. तोवर गाडी भरवशाची झालीच पाहिजे.

९ नोव्हें., रवि.
फॅनपुढचा पत्रा कापला. घासणं थांबलं. माउंटिंगखाली जाड रबर टाकलं, थरथर निम्म्यावर. बॉनेटला बिजागरीत वॉशर, आता एक बोट. बरं वाटलं.
अप्पा खुर्ची टाकून शेजारी बसलेले. एकदाही सल्ला दिला नाही. पूर्वी पाना चुकीचा धरला तरी हातातून काढून घ्यायचे.

१५ नोव्हें., शनि.
माणिकपूरला निघालो होतो. वाटेत आधी घुटमळली, मग मान टाकली. मागे रिक्षावाल्यांचे हॉर्न. दहाएक मिनिटांनी काही न करता सुरू झाली.
जूनमध्ये अगदी हेच व्हायचं. थोडं अंतर चालायची, घुटमळायची, बंद. थांबलं की परत सुरू. ह्याच दुखण्यापायी इंजिन काढलं होतं.
इंजिन दुसरं आणि दुखणं तेच. घरी काही बोललो नाही.

१६ नोव्हें., रवि.
कॉइल बदलली. पेट्रोल पंप बदलला. फिल्टर बदलला. चक्कर मारली, वाटेत बंद.
हा सगळा माझ्या नोकरीचा गुण. लिफ्टच्या सर्व्हिसिंगमध्ये बिघाड हुडकत बसायला कोण देतं? लोक जिने चढत शिव्या घालत असतात. अख्खा पार्ट काढा, दुसरा लावा, निघा. तेच डोकं गाडीला लावलं. अप्पांनी तेव्हा फोनवर विचारलं होतं, "बंद पडते म्हणजे नक्की काय होतं?" मी म्हटलं, "अप्पा, तुम्ही आराम करा, मी बघतो."
आणि विलास. ऑक्टोबरात जुनं इंजिन त्याने सहज म्हणून खोललं, तेव्हा म्हणालाच होता, "आत कायच झिजलेलं नाय रे. कोनी सांगितलं तुला इंजिन गेलं म्हनून?" नव्याच्या नादात होतो. म्हटलं, आता काय त्याचं, ठेव बाजूला.

२२ नोव्हें., शनि.
सापडलं.
परत बंद पडली. पेट्रोलचा काटा खोटं दाखवतोय की काय म्हणून टाकीचं झाकण उघडलं. फुस्स. लोणच्याची गच्च बसलेली बरणी उघडताना होतं तसं. बाहेरची हवा आत ओढली गेली. झाकण लावलं, स्टार्टर मारला, एका झटक्यात सुरू.
टाकीतलं पेट्रोल कमी होतं तशी आत हवा जावी लागते. त्यासाठी झाकणाला बारीक भोक असतं. आमच्या झाकणाचं भोक बुजवलेलं. हवा नाही, म्हणून पेट्रोल पुढे येत नाही. जूनमध्येही एवढंच झालेलं. इंजिनाचा काडीचा दोष नव्हता.
भोकात लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली. अंगठ्याने गुळगुळीत केलेली, वरून लाल रंगाचा हात. बघता क्षणी कळलं काम कोणाचं. वाडीवर असताना मेअखेर आगोटीची, पावसाआधीची कामं निघाली की अप्पा दिसेल ती फट, दिसेल ते भोक बुजवत सुटायचे. गाडी तिथे छपराखाली असायची, तिची काळजी नव्हती. यंदा वाडी सोडून चंदनसारला आलो, इथलं पार्किंग उघडं. टाकीत पाणी जाईल म्हणून बुजवलं असणार.
आता हे त्यांना सांगू कसं?

२३ नोव्हें., रवि.
बारीक ड्रिलने भोक मोकळं केलं. लांब चक्कर मारली, कुठे म्हणून अडली नाही. अप्पांना म्हटलं, वायरचा लूज कॉन्टॅक्ट होता. "अस्सं," म्हणाले.
विलासला फोन केला, म्हटलं जुनं इंजिन परत बसवू. तो म्हणाला, "तू ये आधी."

२९ नोव्हें., शनि.
चांदीपला एकटा गेलो. गाडी नेल्यानंतर आलेल्या अवकाळी पावसात शेडचा पत्रा उडालेला. खोललेलं इंजिन तसंच खाली होतं, पाणी धरून. सिलिंडरमध्ये गंज. पिस्टन अडकलेत.
"खोललं मी, झाकायला इसरलो मीच," विलास म्हणाला. त्याच्या डोळ्यांत बघवेना. अरे, खोलायची वेळ आणली कोणी? "सिलिंडर बोअर करून बघू. पन होईलच असं सांगत नाय."
मला रडू आलं. लाज वाटली त्याच्यासमोर, पण आलं. इतकी वर्षं धडधाकट असलेलं इंजिन मी असल्या हालतीत आणून सोडलं.

६ डिसें., शनि.
अप्पांनी गाडी चालवली. डॉक्टरांनी हो म्हटलं. मी शेजारी.
वाटेत पेट्रोल भरलं. पंपावरच्या पोराला त्यांनी कधीच झाकण काढू दिलेलं नाही, आजही स्वतः उतरले. मी बसून राहिलो, आरशातून बघत. झाकण हातात घेऊन उजेडात धरलं. भोकातून पलीकडे बघितलं. लावलं. बसले. अर्नाळ्यापर्यंत चालवली छान, गिअर लोण्यासारखे.
समुद्राजवळ थांबवली.
"ते भोक मी बुजवलं होतं."
किल्ली फिरवून इंजिन बंद केलं त्यांनी.
"जुनं ह्यामुळेच बंद पडत होतं?"
"नाही हो अप्पा. ते झिजलंच होतं."
"विलास म्हणाला, झिजलं नव्हतं." म्हणजे परस्पर फोन केलेला. कधी, कोण जाणे.
मग म्हणाले, "भोक बुजवलं ही माझी चूक. पण तुला मी विचारलं होतं, नक्की काय होतं म्हणून. एवढं सांगितलं असतंस ना, मी फोनवरच झाकण उघडायला लावलं असतं."
ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडले नाहीत. गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "ऑपरेशन गुडघ्याचं होतं रे."
येताना गाडी मी चालवली. दमले असावेत.

७ डिसें., रवि.
सकाळीच अप्पांची अंघोळ, चहा झालेला. चांदीपला जायचंय म्हणाले. गंजाचं सांगितलं, सगळं. पिस्टन अडकलेत तेही. एवढंच विचारलं, "चारही?" म्हटलं, मी तीनच हलवून बघितले. "मग चौथा बघू."
विलासचा फोन. त्याला धास्ती. "काका बघतील तर काय वाटंल त्यांना? गोनपाट टाकून ठेवू का वर?" म्हटलं, नको.
सुनीता म्हणते, त्यांच्या जिवाला लागेल, नको नेऊस. काय करू? न नेणंही मी एकट्याने ठरवायचं का?
अप्पा खाली जाऊन बसलेत. ड्रायव्हरच्या सीटवर.