नेसरीहून आलेला फोन

कोल्हापूर, ऑगस्ट २००९

सोमेश,

नुसतंच सोमेश. आधी लावायचे तो शब्द आता लिहवत नाही.

आपण दोघं रेडिओवर सकाळचा कार्यक्रम करत होतो. फक्त नवी हिंदी गाणी लावा, असा मुंबईहून हुकूम आला, तेव्हा तू म्हणालास, "हे स्टेशन बुडणार, सुष्मिता. चल पुण्याला." तू गेलास, मी राहिले. तुझं म्हणणं खरंही व्हायला लागलं. गावाकडचे श्रोते तुटले, राजारामपुरीतल्या दुकानांनी जाहिराती बंद केल्या आणि स्टेशनला टाळं लावायला मुंबईचे साहेब आले.

त्या सकाळी मी माईकवर म्हटलं, "आज शेवटचा दिवस. गाणी तुम्हीच म्हणा की!"

नेसरी गावाहून तानाबाई नावाच्या एका बाईंचा फोन आला. "म्हशीची धार काढताना म्हनती, त्ये चालंल न्हवं?"

त्या मोकळ्या गळ्यानं गायल्या आणि मग फोन थांबेचनात. एक जण तर ढोलकी घेऊन थेट दारात आला. साहेब उभ्या उभ्या ऐकत होते.

"या बाई उद्याही गातील?"

"गातील की! तुम्ही स्टेशन चालू तर ठेवा."

त्यांनी ठेवलं. आता रोज सकाळी अख्खा जिल्हा गातो, दुकानदार जाहिरातींसाठी मागं लागतात आणि कार्यक्रमप्रमुख मी आहे.

काल निवेदकाच्या जागेसाठी तुझा अर्ज आला. म्हणून हे लिहिलं, पण पाठवणार नाही. सोमवारी मुलाखतीला येशील, तेव्हा समोर मीच असेन. गळा साफ करून ये. आमच्याकडं आता गाऊन दाखवावं लागतं.

सुष्मिता