तुमच्या बोटीला मी बसवलेली केबल

आप्पा,

आज सकाळी कृष्णेच्या काठावर एका जुन्या इंजिनाची खोड सापडली आणि तेव्हापासून तुमच्याशी बोलावंसं वाटतंय. इस्लामपूरकडच्या एका नदीकाठच्या गावानं पुरात माणसं काढायला बोट घेतली आहे. इंजिन मात्र वापरलेलं आणलं. पटकन सुरू होतं, हळू चालवलं तर कुरकुरत नाही, पण मूठ शेवटपर्यंत पिळली तरी वरचा पळ निघत नाही. मिनिटाला साडेपाच हजार फेरे घ्यायचे, तर हे चार हजारांवर अडून बसतं. निवृत्त झाल्यापासून लोक मला असल्या कामांना बोलावतात. मी प्लग काढून पाहिले, दोन्ही सिलिंडरांचा दाब मोजला, पेट्रोलची गाळणी धुतली, टाकीच्या झाकणावरचं हवेचं भोक तपासलं, पाण्यातला पंखा या इंजिनाच्या मापाचाच आहे ना तेही बघितलं. सगळं ठीक होतं. मग इंजिन बंद ठेवून वरचं झाकण काढलं, सरपंचबाईंना मूठ पूर्ण पिळून धरायला सांगितली आणि आत वाकून पाहिलं. मूठ संपली होती, पण कार्ब्युरेटरची झडप अर्ध्याच्या थोडी पुढे जाऊन थांबली होती. मूठ आणि झडप जोडणारी केबल सैल होती. दोन नट फिरवले, एवढंच काम. पुन्हा पाण्यात नेल्यावर बोटीनं नाक उचललं आणि सुसाट निघाली. "आता कसं, लय झ्याक पळतंय," सरपंचबाई म्हणाल्या. मी काठावर बसून राहिलो. त्यांना वाटलं, मला ऊन लागलं.

तुमच्या बोटीची केबल मीच बसवली होती, आप्पा. सांगलीच्या कारखान्यात लागल्यावर पहिल्याच दिवाळीला मी ती घेऊन आलो होतो. तुमची जुनी केबल तारा सुटून बोटांना टोचायची. तुम्ही फौजेत गाड्यांची इंजिनं दुरुस्त करण्यात उमर घालवलेली, तरी मला म्हणालात, "तूच बसव." मी बसवत होतो तेव्हा तुम्ही हात मागे बांधून बाजूला उभे होतात आणि येणाऱ्या जाणाऱ्याला सांगत होतात, "पोरानं आणलीय, सांगलीस्नं."

कोयना धरणाच्या फुगवट्यापलीकडच्या गावांना तेव्हा तुमचीच बोट होती. शाळेचे मास्तर, गव्हाची पोती, आजारी माणसं, सगळे तिच्यातून यायचे. त्या दिवाळीनंतर बोट मंदावली. फाल्गुनात कळा सुरू झालेल्या एका बाईला दवाखान्यात न्यायचं होतं. एरवी पाऊण तासाचं पाणी, त्या दिवशी दीड तास लागला आणि पोर बोटीतच झालं. दोघं सुखरूप राहिली, पण तिचा सासरा काठावर उतरल्यावर तुमच्याकडे न बघता निघून गेला. हे मला आईनं सांगितलं. तुम्ही कधीच बोलला नाहीत.

मग मी सुट्टी काढून येतो. आईच्या चुलीजवळ कार्ब्युरेटरचे सगळे भाग तिच्या परातीत मांडलेले आहेत आणि आई नाचणीचं पीठ मळायला दुसरं भांडं शोधतेय. पेट्रोलच्या वासानं तिचं डोकं चढलंय, पण मला काही म्हणत नाही. तुम्ही उंबऱ्यात बसला आहात. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, बारीक काही दिसत नाही.

"वर पळताना कुणीतरी मागनं धरल्यागत करतंय," तुम्ही म्हणता.

"इंजिन म्हातारं झालंय, आप्पा."

"म्हातारं झालं तर आधी धापा टाकतंय. हे धापा टाकत न्हाई." मग जरा थांबून, "तू बसवलेलंबी एकदा बग की."

"आवं, ते तर नवं हाय," मी म्हणतो. आवाज चढतो माझा. "कारखान्यात रोज हेच करतोय न्हवं मी?"

 डोळे नव्हते तरी बोटांनी चाचपून ती केबल सैल असल्याचं तुम्हाला पाच मिनिटांत कळलं असतं. पण तुम्ही तिला हात लावला नाहीत. पोराच्या कामाला त्याच्यामागं हात घालायचा नाही, असं तुम्ही ठरवलं असावं. मला तो माझा विजय वाटला.

वैशाखात इंजिन विकलं. धरणाच्या वरच्या अंगाचा एक माणूस आला, आम्ही दोघांनी ते उचलून त्याच्या बोटीवर चढवलं. तुम्ही झाडाखाली उभे राहिलात. पुढच्या महिन्यात तुम्हाला आणि आईला मी सांगलीच्या दोन खोल्यांत आणलं, तुमचे डोळे करून घेतले. नजर परत आली, पण बघायला काही उरलं नव्हतं. रोज संध्याकाळी घाटावर जाऊन बसायचात. एकदा मी शोधत आलो, तर तुम्ही एका नावाड्याला विचारत होतात, "वल्हं मारायला माणूस लागतंय का?" त्यानं तुमच्या वयाकडं बघून मान हलवली. मी तुम्हाला हाताला धरून घरी आणलं आणि वाटेत रागावलो, लोक काय म्हणतील म्हणून. तिसऱ्या वर्षी तुम्ही गेलात.

हे पत्र पाठवायला जागा नाही, हे मला कळतं. आई असती तर तिला वाचून दाखवलं असतं का, तेही सांगता येत नाही. कारण एक गोष्ट तिच्यापासूनही लपवली. विक्रीच्या सकाळी, तुम्ही खाली काठावर यायच्या आधी, त्या माणसानं झाकण उघडून मूठ पिळली होती. झडप पूर्ण उघडत नाही, हे मला दिसलं होतं. त्यालाही दिसलं असावं, कारण भावात घासाघीस न करता तो लगेच हो म्हणाला. मी झाकण लावून टाकलं. इंजिन गेल्याशिवाय तुम्ही सांगलीला आला नसतात, आप्पा, आणि मला तुम्ही माझ्याजवळ हवे होतात.